टर्बोची शिट्टी आणि कुंभार्ली घाट

या आठवड्यात ईजीआर व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेबद्दल, लिहिणार होतो, ते आता पुढच्या आठवड्यात. कारण चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र. कुंभार्ली घाटात त्यांची डिझेल गाडी तिसऱ्या गिअरवर ओढेनाशी झाली आहे. मागे काळा धूर, आणि बॉनेटखालून पूर्वी नव्हती अशी मोठी शिट्टी. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस करून पाहिलं, काही सापडलं नाही. मग हवेचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून दाखवला आणि ‘टर्बो गेला’ असा निकाल मिळाला. बदलू का, असं ते विचारतात.

थांबा. या पत्रात टर्बो गेल्याचा एकही पुरावा नाही.

शाफ्टपासून सुरू करू. बहुतेक गाड्यांत शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्याही पुढे. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, त्यामुळे आडवा थोडा प्ले नव्याकोऱ्या टर्बोतही लागतो. पाहायचं ते वेगळं. शाफ्ट आत-बाहेर ओढून पाहा, तो प्ले बोटाला जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा कातरल्यात का, पात्यांभोवतीच्या घराच्या भिंतीवर घासल्याचा चकचकीत पट्टा आहे का, ते बॅटरी मारून बघा. तसं दिसलं तर टर्बो गेला. नुसता डुगडुगतो म्हणून नाही. तेवढ्या डुगडुगण्यावर चांगले टर्बो भंगारात जाताना मी पाहिले आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

आता उभ्या गाडीची गोष्ट. टर्बोतली टर्बाइन फिरते ती सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी इंजिनवर भार नसतो, डिझेल थोडंच जळतं, म्हणून टर्बोचा दाबही नावापुरताच बनतो. घाटात भरल्या गाडीनिशी पाय दाबला की तोच दाब वातावरणाच्या वर एक-दीड बारपर्यंत जातो. टर्बोपासून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणाऱ्या रबरी होजला चीर असेल, तर ती उभ्या गाडीत मिटलेली राहते आणि घाटातच उघडते. गॅरेजमध्ये काही सापडलं नाही, याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

काळा धूरही तिकडेच बोट दाखवतो. फिल्टरपाशी सेन्सर हवा मोजतो आणि तेवढ्या हवेच्या हिशेबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. मोजलेली हवा पुढे चिरेतून निसटली की सिलिंडरमध्ये डिझेल जास्त, हवा कमी. ते अर्धवट जळतं, काजळी होते, ताकद जाते. शिट्टी वाढते तीही यामुळेच. दाब भरत नाही म्हणून कॉम्प्युटर टर्बोला आणखी पळवतो.

चीर शोधायची कशी? इंजिन गार असताना होज हाताने वाकवून बघा, खासकरून खालची बाजू आणि क्लॅम्पच्या कडेची जागा. नजर वरून पडते आणि रबर फाटतं खालून. जिथून हवा सुटते तिथे बाहेर तेलकट धुळीचा काळा डाग जमतो. माझ्या मते याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. होजच्या आत तेलाचा पातळ हात लागला तर घाबरू नका, इंजिनच्या ब्रीदरमधून तेवढं येतच असतं. डाग दिसला नाही, तर टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला बूच लावून अर्धा बारपेक्षा कमी दाबाने हवा भरायला सांगा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच.

आवाजांचंही सांगतो. हवा सुटते तेव्हा फुसफुस किंवा शिट्टी येते ती भार आल्यावर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल तर गार इंजिनला टिकटिक येते आणि धातू तापून फुगला की ती बरीच कमी होते. सांध्याशी काजळी दिसते. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा सायरन मात्र पाती किंवा बेअरिंग खराब झाल्याचा. त्यात निळा धूर मिसळला तर गाडी चालवूच नका.

स्कॅनर लावाल तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा. दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, म्हणजे चिपळुणात साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास. इथेच तो चुकत असेल तर पुढचे आकडे निरर्थक. ‘पी ०२९९’ हा कोड आला तर तो दाब कमी भरतोय एवढंच सांगतो, टर्बोचं नाव घेत नाही. होज धड निघाले तर टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी, मग काजळीने अडकलेल्या टर्बोतल्या हलत्या पट्ट्या, या क्रमाने जा.

चिपळूणच्या वाचकांनी तोवर घाट टाळावा. फाटक्या होजवर टर्बो मर्यादेबाहेर पळत राहिला, तर आज चांगला असलेला टर्बो खरोखरच जाईल. होज बदलताना क्लॅम्पही नवेच घ्या. त्या काजळीने ईजीआरमध्ये काय करून ठेवलं असेल, ते पुढच्या आठवड्यात.