उलटा वर्ग: फळा कुठे, फोन कुठे?

‘उलटा वर्ग’ या पद्धतीचं मूळ एका साध्या अडचणीत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत वुडलँड पार्क हे डोंगरातलं गाव. शाळेतले खेळाडू सामन्यांसाठी लांब जायचे आणि त्यांचे तास बुडायचे. म्हणून जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये पाठ रेकॉर्ड करायला घेतले. पुढे व्याख्यान घरी गेलं आणि उदाहरणं सोडवणं, प्रयोग करणं वर्गात आलं.

नववी-दहावीसाठी असा मिश्र अभ्यासक्रम आखायचा तर आपल्याकडे साहित्य आहे. ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे, बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात. पण आधी हिशेब वेगळा मांडावा: घरात फोन किती आणि तो मुलीच्या हाती कधी येतो? अनेक घरांत वडील कामावरून परतल्यावरच. म्हणून व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा, उतरवून ठेवता येईल असा असावा. मुदतही त्याच रात्रीची नको, निदान दोन दिवसांची द्यावी. सोबत दोन-तीन प्रश्न हवेतच. त्यांच्या उत्तरांवरूनच उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं.

खरी परीक्षा वर्गात. पाठ न बघता आलेल्यांसाठी तोच धडा पुन्हा शिकवायचा मोह भल्याभल्यांना होतो (आणि मुलांना ते लगेच कळतं!). त्यापेक्षा त्यांना मागच्या बाकावर शाळेचा टॅब आणि इअरफोन द्यावा. प्रयोगवहीतली आकृती मात्र सगळ्यांनी पेन्सिलनेच काढायची.