मागी किती होते? मराठी बायबल-वाचकाची ग्रंथसंपदा

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई लागते. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे होली मागी चर्च बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या नावाचे आहे. लोकपरंपरेत ते ‘तीन राजे’. पण मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नीट वाचला, तर ते तीन होते असे कुठेच म्हटलेले नाही आणि ते राजे होते असेही नाही. तीनचा आकडा आला सोने, ऊद आणि गंधरस या भेटींवरून. राजेपद आले स्तोत्र ७२ आणि यशया ६० यांच्या आधाराने. ते बाळाला भेटले ते घरात, हेही मत्तयच सांगतो.

असे बारकावे दाखवतात ती भाष्ये. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस मत्तयवर ९० प्रवचने दिली. मागींना दिसलेला तारा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो, मग तो नेहमीचा तारा कसा, असा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. विसाव्या शतकात विल्यम बार्कले यांनी नवा करार रोज थोडाथोडा वाचता येईल असा उलगडून दिला.

आपल्या भाषेतला ठेवाही जुना आहे. इंग्लंडहून १५७९मध्ये गोव्यात आलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रोमन लिपीत छापले गेले. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती. सुमारे अकरा हजार ओव्यांत, ‘पैले’ आणि ‘दुसरे’ अशा दोन पुराणांत, जुना आणि नवा करार स्टीफन्स यांनी सांगितला. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे भाषांतर केले. तिथल्या छापखान्यात कामाला मिशनमधल्याच स्त्रिया होत्या. रमाबाई १९२२मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच परंपरेतले.

ठेवा एवढा जुना असूनही कॅथलिक घरांत स्वतः बायबल उघडून अभ्यासण्याची सवय तुलनेने नवी आहे. मिस्सा लॅटिनमध्ये असे, आणि शास्त्र कानी पडे ते मुख्यतः धर्मगुरूंच्या प्रवचनातून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध असले पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. शिवाय पदमनजी आणि रमाबाई प्रोटेस्टंट, स्टीफन्स आणि दिब्रिटो कॅथलिक. त्यामुळे एका घरातली पुस्तके दुसऱ्या घरात क्वचितच पोचली.

ही वाटणी आता मोडायला हवी. सुरुवात मत्तयच्या दुसऱ्या अध्यायापासूनच करावी. आधी मूळ उतारा दोनदा वाचावा आणि पडलेले प्रश्न वहीत लिहावेत. मग रमाबाईंचे भाषांतर आणि ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवून ताडून पाहावे; भाष्य उघडावे ते त्यानंतर. भाष्य आधी वाचले की दुसऱ्याची उत्तरे मिळतात, पण आपला प्रश्न पडायचा राहून जातो. ‘क्रिस्तपुराण’ मात्र मोठ्याने वाचावे, कारण ओवी कानासाठी असते. गोराईच्या वाचकाला यासाठी परक्या भाषेच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. चारशे वर्षांपूर्वी स्टीफन्स परमुलखातून येऊन मराठी शिकले. ज्यांची ती मायबोलीच आहे, त्यांनी निदान ही पुस्तके घरी आणून वाचायला बसावे.