त्रिपुराची आखणी

खलपुरुषाचे निवासस्थान उभे करावयाचे असेल, तर ते प्रथम राहण्याजोगे उभे केले पाहिजे, ही गोष्ट जत्रेतील भूतबंगले बांधणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. काळे पडदे, दोरीला टांगलेला सांगाडा, कोपऱ्यातून अकस्मात पुढे येणारा मुखवटा आणि कर्कश ध्वनी एवढ्या सामग्रीवर प्रेक्षक किंचाळतो खरा. परंतु त्या किंचाळण्याचा दुष्टतेशी काय संबंध, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण तेथे दचकविणारे पुष्कळ असते, दुष्ट असे कोणीच नसते. ज्याच्या नगरीत पाऊल टाकताच मनुष्याला वैभवाचा मोह पडावा, येथेच आपले बिऱ्हाड असते तर बरे झाले असते असे क्षणभर वाटावे, आणि त्या मोहाची किंमत मागाहून कळावी, तोच खरा खलपुरुष. आणि अशा पुरुषाचे घर प्रेक्षकाने पायी चालून पाहावे अशी रचना मनोरंजन-उद्यानात करता येईल काय, या प्रश्नाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले आहे. ती रचना कोणी मागितलेली नाही, तिच्यासाठी कोणी पैसा मंजूर केलेला नाही. ती कागदावर आहे, आणि काही काळ नानाखेड्यातील एका मोकळ्या भूखंडावर चुन्याच्या फक्कीने आखलेली होती.

नानाखेडा हा उज्जयिनीचा नवा भाग, इंदूरच्या वाटेवरचा. येथील बसस्थानकाला राजाभाऊ महाकाळ यांचे नाव आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ज्यांना प्राण वेचावे लागले, ते याच शहरातले. शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये ग्वाल्हेरकडे गेली, तरी येथील मराठी घरे येथेच राहिली, आणि त्या घरांतून गणेशोत्सवाचे देखावे उभारण्याची हौस अद्याप मावळलेली नाही. माझे सोबती त्या हौसेतूनच मिळाले: मंडपाचे काम करणारे एक वृद्ध माळवी सुतार, विजेच्या कामातला एक तरुण, आणि चित्रकलेचे दोन विद्यार्थी.

विषय निवडण्याचे श्रम पडले नाहीत. शंकराने त्रिपुरावर मिळविलेला विजय येथेच साजरा झाला आणि त्यावरूनच अवंतिकेला उज्जयिनी म्हणू लागले, अशी स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात कथा आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुराने तीन नगरे रचली: तारकाक्षाचे सोन्याचे स्वर्गात, कमलाक्षाचे रुप्याचे अंतरिक्षात, विद्युन्मालीचे लोखंडाचे भूमीवर. सहस्र वर्षांनी एकदा ती एका रेषेत येतील, आणि त्या क्षणी एकाच बाणाने जो तिन्ही भेदील त्याच्याच हातून त्यांचा अंत होईल, असा वर होता. या कथेत वास्तुशिल्पी आहे, तीन निरनिराळी द्रव्ये आहेत, चढती भूमी आहे, आणि भूमितीने घडणारा शेवट आहे. आराखडा करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? शिवाय शिवपुराण सांगते की त्या नगरांत शिवपूजा यथासांग चालत होती आणि ती चालू असेतोवर त्यांच्या नाशाचा उपायच नव्हता. म्हणजे आपण ज्या खलांच्या घरी जाणार ते ओंगळ गुहेत राहणारे नव्हेत. सुव्यवस्थित, संपन्न आणि बहुतांशी धर्मशील अशा शहरांचे ते धनी होते.

येथील महाकाल लोक या मंदिर-परिसरात, ज्याचे लोकार्पण 11 ऑक्टोबर 2022 रोजी झाले, त्रिपुरसंहाराचे भव्य शिल्प आहे. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातही तोच प्रसंग कोरलेला आहे: ब्रह्मदेव सारथी, शंकराच्या हाती धनुष्य. दोन्ही ठिकाणी शिल्पकाराची सारी दृष्टी रथाकडे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण पाहणारा भक्त आहे. परंतु बाण कसा सुटला हे पाहणे निराळे आणि बाण येताना नगरीच्या आत असणे निराळे. आम्ही आतली बाजू घेतली.

खलाला अवकाशात कोठे ठेवावे हे मला वेरूळच्याच कैलास लेण्याने शिकविले. आठव्या शतकातील त्या कारागिरांनी कैलास हलविणारा रावण मंदिराच्या दक्षिण अंगाला, खोल कोरलेल्या पोकळीत, पाषाणापासून जवळजवळ सुटा केलेला असा बसविला आहे. त्याचे बाहू सर्व दिशांना फाकलेले, वर पर्वतावर पार्वती शिवाला बिलगलेली, एक दासी पाठ फिरवून पळत असलेली, आणि शिव मात्र स्वस्थ. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम वरच्या उजेडातील मंडळींवर जाते. खालच्या अंधारात काही हालचाल आहे असे मागाहून जाणवते, आणि मग त्या अंधारातील शरीराचे बळ एकदा लक्षात आले की वरचा सारा प्रसंग त्या बळावर डोलतो आहे असे वाटू लागते. रावण तेथे दचकवीत नाही. आपणच त्याला हुडकून काढतो. कृत्रिम भयाचे शेकडो प्रयोग पाहून जे कळणार नाही ते या एका शिल्पासमोर तासभर उभे राहिल्याने कळते, अशी माझी खात्री आहे. म्हणून आमच्या त्रिपुरात तिन्ही असुरांच्या मूर्ती समोरासमोर नाहीत. विद्युन्मालीची आकृती लोखंडी पुराच्या भट्टीपलीकडे आहे, आणि डोळे अंधाराला सरावल्याखेरीज ती दिसत नाही. तारकाक्ष तर मुळीच दिसत नाही. प्रेक्षकांची वाट त्याच्या रिकाम्या सिंहासनाच्या मागून नेली आहे, आणि तेथून सुवर्णसभा जशी त्याला दिसत असेल तशी दिसते: सर्व स्तंभ, सर्व दीप, नतमस्तक सभासदांच्या सर्व पंक्ती त्या एका जागेकडे वळलेल्या.

आता द्रव्यांची बाब. तिन्ही पुरे खऱ्या धातूंनी मढविणे कोणत्याही अंदाजपत्रकात बसणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही; कारण मनुष्य डोळ्यांनी फसतो, हाताने फसत नाही, आणि हात ठरावीक उंचीपर्यंतच पोहोचतो. म्हणून जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा पट्टा खऱ्या पत्र्याचा, वरचे सारे रंगविलेल्या प्लायवूडचे, अशी तजवीज केली. यावर सुतारबाबांनी घेतलेली हरकत मला अतिशय मोलाची वाटली. लोखंडी पुराचे दार कितीही चांगले रंगविले तरी त्याला लाकडी दाराच्या बिजागऱ्या लावल्या तर ते हलकेच उघडेल आणि हलकेच लागेल, आणि त्या एका आवाजासरशी सगळे शहर कागदाचे होईल, असे त्यांचे म्हणणे. ते दार तेवढे खऱ्या लोखंडाचे करावयाचे ठरले. त्याच्या वजनाचा खर्च दुसऱ्या दोन दालनांच्या रंगकामातून वळता केला.

पोकळ आकृतींविषयी या शहराने अलीकडेच धडा घेतला आहे. 28 मे 2023 च्या वादळात महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सातांपैकी सहा फायबरच्या मूर्ती कोसळल्या. त्यामुळे आमच्या नकाशात प्रत्येक मोठ्या आकृतीच्या पोटात पोलादी सांगाडा आणि त्याचा पाया प्रथम काढला, आणि चेहरा शेवटी.

भूमीवरून अंतरिक्षात आणि अंतरिक्षातून स्वर्गात चढावयाचे ते पायऱ्यांनी नव्हे, उताराने. बारा फुटांस एक फूट या प्रमाणात छत्तीस फुटांचा एक उतार, असे दोन. वृद्धांची आणि चाकांच्या खुर्चीची सोय हा त्याचा एक हेतू. दुसरा असा की चढावर मनुष्याची चाल मंदावते, बोलणे थांबते, आणि दृष्टी आपोआप वर जाते.

रुप्याच्या पुरातील मुख्य वस्तू म्हणजे मयाने निर्मिलेली अमृतरसाची विहीर, जिच्यात टाकलेले मृत असुर पुन्हा उठत, आणि जी, भागवतातील कथेप्रमाणे, विष्णूने गायीचे व ब्रह्मदेवाने वासराचे रूप घेऊन पिऊन टाकली. विहिरीची खोली दाखविण्यास जमीन खणावी लागत नाही: तळाशी आरसा, वर अर्धपारदर्शक आरसा आणि मध्ये दिव्यांचे कडे एवढ्याने हातभर पेटीत अथांग खोली दिसते. उठणाऱ्या असुरांसाठी मात्र जुनीच युक्ती घेतली, जी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये 1862 च्या नाताळात पेपर नावाच्या गृहस्थांनी लोकांपुढे आणली: पंचेचाळीस अंशांत उभी केलेली स्वच्छ काच, प्रेक्षकांच्या दृष्टीआड एका खड्ड्यात ठेवलेली मूर्ती, आणि तिच्यावरचा हळूहळू वाढविला जाणारा प्रकाश. दिवा वाढला की काचेत मूर्तीचे प्रतिबिंब उमटते आणि विहिरीच्या काठावर असुर आकार घेऊ लागतो. दिवा मंदावला की तो विरतो. काचेने मनुष्याला चकविण्याची ही विद्या मयाची म्हणूनच आपल्याकडे प्रसिद्ध आहे. खांडववनाच्या आगीतून वाचविल्याबद्दल कृतज्ञतेने त्याने चौदा महिन्यांत पांडवांची सभा उभारली, आणि तिच्यात स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून दुर्योधनाने वस्त्रे सावरली व पाण्याला भूमी समजून तो आत पडला. पायी चालून पाहण्याच्या मायावी वास्तूची याहून पुरातन हकीकत मला ठाऊक नाही. आणि तिचा परिणाम केवढा भयंकर झाला, हेही आराखडा करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. प्रेक्षकाची फजिती करणारी एकही युक्ती आम्ही ठेवली नाही.

सर्वांत अधिक काळ लागला तो तीन पुरे एका रेषेत आणण्याला. पहिल्या नकाशात तिन्ही भिंतींना एकेक गोल छिद्र होते, सुवर्णपुरातील एका विशिष्ट फरशीवर उभे राहिले की तिन्हींतून पलीकडचा दिवा, म्हणजेच बाणाचे अग्निमय टोक, दिसावे. कागदावर ही कल्पना अत्यंत शोभिवंत दिसली. भूखंडावर फक्की टाकून, बांबू रोवून आणि गोणपाटाच्या भिंती ताणून पाहिली तेव्हा तिचे दोन दोष उघड झाले. छिद्र मोठ्या माणसाच्या डोळ्याला जुळते ते मुलाला जुळत नाही. आणि त्या एका फरशीसाठी सगळी रांग खोळंबते. बारा जणांची तुकडी दर नव्वद सेकंदांनी आत सोडली तर तासाला चारशे ऐंशी माणसे जातात. एका फरशीवर प्रत्येकाने पाच सेकंद घेतली तरी एक मिनिट तेथेच संपते, आणि कोणी जरा रेंगाळले की मागची तुकडी येऊन भिडते. ही अडचण थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचा 'हॉन्टेड मॅन्शन' मूळ कल्पनेत पायी चालण्याचाच होता. गर्दीचा निचरा होईना म्हणून 1969 मध्ये तो उघडला तेव्हा प्रेक्षकांना सतत फिरणाऱ्या गाड्यांत बसविण्यात आले होते. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये 1986 पासून 2006 पर्यंत किल्ल्याच्या पोटातून खलनायकांची पायी फेरी होती, मार्गदर्शकाबरोबर. तिच्या शेवटी तुकडीतील एका प्रेक्षकाच्या हाती तेजस्वी खड्ग देत आणि त्याच्याकडून खलाचा पाडाव करवीत. एकाला मान आणि बाकीच्यांनी पाहावे, ही गोष्ट मला रुचली नाही.

तोडगा निघाला तो छिद्राऐवजी उभी फट ठेवल्याने. उंच उभ्या फटीतून मूलही पाहते आणि प्रौढही, आणि तिन्ही पुरांच्या जमिनी तीन तीन फुटांनी चढत गेल्या तरी दृष्टिरेषा तुटत नाही. मग वाटच त्या रेषेला आडवी छेदून नेली. आता कोणी कोठे थांबावयाचे कारण उरले नाही: चालता चालता प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पहिली फट दुसरीवर सरकते, दुसरी तिसरीवर, आणि एका पावलापुरता अग्नीचा बिंदू थेट त्याच्यावर रोखला जातो. दिवा जागचा हलत नाही. पुराणात नगरे सरकत सरकत एका रेषेत आली. येथे चालणाराच स्वतःच्या पावलाने तो मुहूर्त ओढवून घेतो, आणि प्रत्येकाचा मुहूर्त निराळा. तीन बोटे रुंदीच्या फटीतून दिवा केवळ लुकलुकला, वीतभर फटीतून इतका वेळ दिसला की त्याचे काही वाटेना. चार बोटांवर काम बेताचे जमले, आणि वाटेला तेथेच वळण दिल्यामुळे चाल मंदावून ते पुरते जमले. याच उज्जयिनीत जयसिंहाच्या वेधशाळेत, जिचा जीर्णोद्धार 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी करविला आणि जिच्या कामात गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या विद्वानाने स्वतःला वाहून घेतले, दोन कडा आणि एक डोळा यांच्या जोरावर आकाश मोजले गेले. आमच्या गोणपाटाला ती प्रतिष्ठा नाही, पण विद्या तीच आहे.

बाण दिसल्यानंतर काय? पहिला विचार आगीचे नाट्य दाखविण्याचा होता. तो मी काढून टाकला. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात 11 मे 1984 रोजी अशाच पायी चालण्याच्या भुताटकीच्या किल्ल्याला आग लागून आठ मुले गेली. अंधारात कोणीतरी पेटविलेल्या लायटरने भिंतीचा फोम धरला होता. राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी पंचविसांहून अधिक जीव गेले. ज्या वास्तूत मुद्दाम अंधार करावयाचा आणि वाट मुद्दाम वाकडी ठेवावयाची, तिच्यात फोम, थर्माकोल आणि कापडी पडदे यांना मज्जाव असला पाहिजे, प्रत्येक पुराला बाहेर उघडणारे स्वतंत्र दार असले पाहिजे, आणि एका कळीसरशी सगळे दिवे लागले पाहिजेत. रसभंग होईल म्हणून या बाबतीत सवलत मागणाऱ्या कारागिराला कामावर ठेवू नये.

म्हणून त्रिपुराचा दाह आम्ही दाखवीत नाही. फटी ओलांडल्या की प्रेक्षक थेट एका लख्ख उजेडाच्या दालनात येतो, आणि ते दालन मयाच्या कारखान्याचे आहे. तिन्ही पुरे जळाली तेव्हा मय मात्र वाचला, शिवभक्त म्हणून त्याला अभय मिळाले, असे शिवपुराण सांगते. त्याच्या कारखान्यात काचेचा तिरपा चौकोन उघडा ठेवलेला असेल, विहिरीची हातभर पेटी असेल, प्लायवूडची कच्ची पाठ, पोलादी सांगाडा आणि तीन फटींचा लहानसा नमुना असेल, जो मुलांनी स्वतः हाताने सरकवून पाहावा. तरुण सोबत्यांचा या दालनाला कडवा विरोध आहे. प्रेक्षकाला युक्ती कळली की पुन्हा तिकीट कोण काढील, असा त्यांचा प्रश्न, आणि तो अवास्तव नाही. माझे उत्तर असे की गोणपाटाच्या भिंतींमागे फटींची जुळणी चालली असताना वस्तीतील जी मुले जमत, ती युक्ती समजल्यावर घरी गेली नाहीत. ती भावंडांना घेऊन परत आली, आणि दिवा कोणत्या पावलाला दिसतो ते त्यांना दाखवू लागली. ते दालन नऊ फूट रुंद ठेवले आहे, कारण कोठेही धोका उद्भवला तर स्वतंत्र दारांखेरीज तिन्ही पुरांतील माणसे याच उजेडाकडेही वळवावयाची आहेत. सुतारबाबांनी त्याची चौकट आताशी आखून दिली आहे. दाराच्या बिजागऱ्या कोणत्या, हे अजून ठरावयाचे आहे.