पहिले अक्षर म्हणजे नेमके किती?

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे गाव तेथील जैन ग्रंथभांडारांसाठी प्रसिद्ध आहे. या भांडारांतील हस्तलिखितांच्या आधारे संपादित केलेले अपभ्रंश ग्रंथ १९३०च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून छापले गेले. जुन्या पोथ्यांत मुख्य मजकूर काळ्या शाईत सलग चालतो. श्लोकांचे आकडे, दंड, अध्यायाची समाप्ती मात्र पुष्कळदा तांबड्या शाईत असते. लेखनिकाने नियम एकदा ठरवला, की तो पोथीभर चाले.

संगणकावर पाने लावताना ज्याला 'स्टाइल' म्हणतात, ती म्हणजे असाच, नाव देऊन साठवलेला नियम.

समजा, शाळेच्या वार्षिकात ३० लेख आहेत आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर तीन ओळींएवढे मोठे व तांबडे हवे आहे. हे हाताने केले तर तेच काम ३० वेळा. ऐनवेळी छपाई एकाच रंगात करायचे ठरले, तर पुन्हा ३० वेळा. आणि त्यातही दोन-तीन लेख सुटायचेच!

याऐवजी आपण दोन स्टाइल तयार करू. पहिली अक्षराची : नाव 'आद्याक्षर', तिच्यात फॉन्ट व रंग. दुसरी परिच्छेदाची : नाव 'लेखारंभ', तिच्यात ड्रॉप कॅपच्या ओळी ३ आणि त्यासाठी 'आद्याक्षर' वापरावे, ही सूचना. इनडिझाइनमध्ये तसेच मोफत मिळणाऱ्या स्क्रायबस व लिबर ऑफिस रायटरमध्ये ही सोय आहे. आता 'आद्याक्षर'चा रंग एकदा बदलला, की ३०ही लेखांत बदलतो. नाव देताना 'मोठे तांबडे' असे देऊ नये. रूप बदलते, काम बदलत नाही.

येथवर सोपे आहे. खरी गंमत मराठीत पुढे सुरू होते. मोठ्या आद्याक्षराची ही रीत युरोपातून आली. रोमन लिपीत पहिले अक्षर म्हणजे एकच चिन्ह. आपल्याकडे तसे नाही. युनिकोडमध्ये 'आ' हे एक चिन्ह, 'वा' म्हणजे व आणि काना अशी दोन, तर 'स्त्री' म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा चिन्हे! प्रोग्रॅम चिन्हे मोजत असेल आणि आपण '१' सांगितले, तर 'शिक्षक'मधला श मोठा होतो आणि वेलांटी पोरकी राहते. युनिकोडपूर्वीच्या अनेक फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असते. तेथे नुसती वेलांटीच मोठी होते. जोडाक्षर अखंड मोजण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. पण सगळेच प्रोग्रॅम तो पाळतात असे नाही. म्हणून मोजणी चुकते तेथे तेवढा आकडा लेखापुरता बदलावा. बाकी सारे स्टाइलवर सोपवावे.

दुसरा प्रश्न उंचीचा. तीन ओळींचे अक्षर म्हणजे तिप्पट मोठे का? हिशेब करू. मजकूर १२ पॉइंटचा, दोन ओळींतले अंतर १८ पॉइंट आणि शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची ७ पॉइंट धरू. मोठ्या अक्षराची उंची हवी १८ + १८ + ७ = ४३ पॉइंट; म्हणजे मूळच्या सुमारे सहापट! त्याबरोबर शिरोरेषाही सहापट जाड होते. म्हणून आद्याक्षराला त्याच फॉन्टचा बारीक प्रकार निवडावा. रोमन अक्षर तळरेषेवर बसते, आपले शिरोरेषेला लटकते. तेव्हा मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळली पाहिजे. वेलांटी, मात्रा वर गेल्या तरी चालतील.

करून पाहा : 'आई', 'वाशीम', 'शिक्षक', 'क्षितिज' आणि 'स्त्री' या शब्दांनी सुरू होणारे पाच परिच्छेद टाइप करा व पाचांनाही 'लेखारंभ' लावा. कोठे अक्षर तुटते, कोठे शिरोरेषा घसरते, याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्या. 'अक्षर म्हणजे काय?' हा व्याकरणातला प्रश्न त्यांना संगणकाच्या पडद्यावर भेटेल.