बिलाच्या फॉर्मचे ‘सेव्ह’ बटण गेले कुठे?

मालेगाव असो वा भिवंडी, ग्रे कापडाचे तागे, मीटर, दर आणि उधारी यांचा हिशेब आता एक्सेलमध्ये ठेवणारे व्यापारी बांधव बरेच आहेत. काहींनी ओळखीच्या संगणक जाणणाऱ्या मुलाकडून मॅक्रोचा फॉर्मही करून घेतला आहे. पार्टीचे नाव निवडा, तागे टाका, मीटर टाका, बटण दाबा. नोंद जाग्यावर जाऊन बसते. सोय मोठी आहे. पण हीच फाइल पेढीवरून गोदामातल्या लॅपटॉपवर नेली की फॉर्मचा खालचा भाग पडद्याबाहेर जातो. जमा रकमेचा रकाना आणि ‘सेव्ह’चे बटण नेमके तिथेच असते. मुनीम सगळे भरतात, बटण सापडत नाही म्हणून कोपऱ्यातली फुली दाबतात, आणि नोंद जाते. महिनाअखेरीस पार्टीशी वाद होतो तो इथून.

यात मापाचा घोळ आहे. पडदा पिक्सेलमध्ये, म्हणजे ठिपक्यांत मोजतात. एक्सेलचा फॉर्म पॉइंटमध्ये. ७२ पॉइंटचा एक इंच. विंडोजचे स्केल १०० टक्के असताना इंचाला ९६ पिक्सेल धरतात, म्हणून पिक्सेलची पाऊणपट केली की पॉइंट मिळतात. स्केल १५० असेल तर इंचाला १४४ पिक्सेल, तेव्हा निमपट करावी.

समजा, पेढीवरच्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर १०० टक्के स्केल ठेवून ७०० पॉइंट रुंद आणि ६०० पॉइंट उंच फॉर्म बनवला. तिथे उंचीला ८१० पॉइंट जागा आहे, फॉर्म ऐटीत बसतो. गोदामातला जुना लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा. त्याची उंची ५७६ पॉइंट. खालची टास्कबारची पट्टी साधारण ३० खाते, उरले ५४६. फॉर्मचे ५४ पॉइंट बाहेर. आता गंमत पाहा. मालकांनी नवा महागडा लॅपटॉप घेतला. पडदा तोच १९२० बाय १०८० चा, पण पंधरा इंची असल्याने स्केल १५०. उंचीला जागा ५४० पॉइंट, म्हणजे जुन्यापेक्षाही कमी! तेव्हा नुसते रिझोल्यूशन पाहून भागत नाही, स्केलही पाहावे लागते. एक्सेल ९७ मध्ये हे फॉर्म आले त्या काळी ६४० बाय ४८० आणि ८०० बाय ६०० चे पडदे सर्रास असत. पडदे बदलले, फॉर्मची जात तीच राहिली. माउसने कड ओढून लहान-मोठा करण्याची सोयही त्यात मुळात नाही.

इलाज फॉर्म उघडतानाच करायचा. फॉर्मच्या ‘इनिशियलाइज’ भागात आधी एक्सेलची खिडकी मॅक्सिमाइज करून ‘अ‍ॅप्लिकेशन’ची ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ वाचावी. हे आकडे पॉइंटमध्येच मिळतात. मॅक्सिमाइज खिडकीच्या कडा पडद्याबाहेर जात असल्याने ते थोडे फुगलेले येतात, दहा-बारा पॉइंट वजा धरावेत. मग उपलब्ध रुंदीला फॉर्मच्या रुंदीने आणि उंचीला उंचीने भागा. दोहोंतला लहान भागाकार घ्या. एकापेक्षा मोठा आला तर एकच धरा. जुन्या लॅपटॉपवर ५४६ भागिले ६०० म्हणजे ०.९१ येते, आपण ०.९० धरू. फॉर्मची रुंदी आणि उंची याने गुणावी आणि ‘झूम’ ९० करावे. दोन्ही कामे करायची, हे बनवणारे हमखास विसरतात. नुसती उंची घटवली तर खालचे रकाने कापले जातात. नुसते झूम घटवले तर आतला मजकूर आकसतो, फॉर्म मात्र होता तेवढाच पडद्याबाहेर लोंबतो. वरची नावाची पट्टी झूमने लहान होत नाही, म्हणून उंचीत दोन-चार पॉइंट जास्त द्यावेत.

झूम १० ते ४०० पर्यंत चालते, पण खरी मर्यादा डोळ्यांची. फॉर्मची मूळ अक्षरे ८ पॉइंटची. ७५ टक्क्यांवर ती ६ ची होतात. पन्नाशीतल्या मुनीमांना ३ आणि ८ यांतला फरक दिसेना, तर बटण दिसून काय उपयोग? ८० च्या खाली जायची वेळ आली तर फॉर्म मोडून नव्याने बांधावा, असे आमचे मत आहे. ‘मल्टिपेज’ वापरून एका पानावर पार्टी, दुसऱ्यावर माल, तिसऱ्यावर रक्कम घ्यावी, आणि ‘सेव्ह’चे बटण पानांबाहेर वरच्या बाजूला ठेवावे. उभा ‘स्क्रोलबार’ लावणे सोपे आहे, पण घाईत तो सरकवायचे राहून जाते.

बिल आजच काढायचे असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये स्केल १५० चे १२५ करावे आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडावे. १०८० च्या पडद्यावर मग ६४८ पॉइंट मिळतात आणि ६०० चा फॉर्म बसतो. बाकी सगळे बारीक दिसेल, तेवढे सोसावे. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये मात्र हे मॅक्रो चालतच नाहीत. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून बाजारात उभ्या उभ्या बिल करण्याचा बेत कुणी आखू नये.

फॉर्म नव्याने करून घेणाऱ्यांनी पेढी, गोदाम आणि घर इथल्या सगळ्या मशीनचे रिझोल्यूशन आणि स्केल कागदावर लिहून द्यावे. मजुरी चुकती करण्याआधी, उंचीला सर्वांत कमी पॉइंट असलेल्या पडद्यावर आपल्या मुनीमांकडून दहा नोंदी भरून घ्याव्यात.