कोपऱ्यातली तारीख

संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात वेळ आणि तारीख दिसते. आपण रोज तिच्याकडे पाहतो. परंतु ती कोणत्या क्रमाने लिहिली आहे, याचा विचार क्वचितच करतो. मी तरी केला नव्हता.

४ मार्च २०२४ रोजी शुल्कसवलतीचा अर्ज भरताना मी त्या कोपऱ्यातले '३/४/२०२४' हे आकडे जसेच्या तसे सहीखाली उतरवले. मुदत ३१ मार्चपर्यंत होती. एप्रिलमध्ये अर्जांचा गठ्ठा तपासला गेला, तेव्हा माझी तारीख ३ एप्रिल अशी वाचली गेली आणि अर्ज मुदतीबाहेरचा ठरला. वाचणाऱ्याची त्यात चूक नव्हती. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना मागाहून येतो; अमेरिकेत महिना आधी. त्या संगणकावर अमेरिकेची पद्धत निवडलेली होती, इतकेच. गंमत अशी की, १३ तारखेपासून हा घोटाळा आपोआप उघडा पडतो, कारण तेरावा महिना नसतो. फसगत होते ती पहिल्या बारा दिवसांत.

विंडोज प्रणालीत यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमधील 'रीजन' उघडून भारताची पद्धत निवडावी. आणखी बदल हवा असल्यास 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये 'डेट' या भागात जावे. तेथे 'शॉर्ट डेट'समोर इंग्रजी अक्षरांची खूण असते: डी म्हणजे दिवस, एम म्हणजे महिना, वाय म्हणजे वर्ष. डी एकदा लिहिला तर ४, दोनदा लिहिला तर ०४ आणि चारदा लिहिला तर वाराचे नाव उमटते. एम तीनदा लिहिला की महिना आकड्याऐवजी अक्षरांत येतो. मात्र हा एम मोठ्या लिपीतला हवा. लहान एम म्हणजे मिनिट! वेळेच्या खुणेत लहान एच १२ तासांचे घड्याळ दाखवतो, मोठा एच २४ तासांचे.

या बदलाने घड्याळ मागेपुढे होत नाही. बदलते ते फक्त लिहिण्याचे वळण. पण वाचणारा त्या वळणावरूनच अर्थ लावतो. माझ्या संगणकावर आता महिना अक्षरांत दिसतो आणि अर्जावरही मी तो अक्षरांतच लिहितो. वाचकहो, आज घरी गेल्यावर त्या कोपऱ्याकडे एकदा डोळसपणे पाहा. एका सवलतीची किंमत मोजून मला जे कळले, ते तुम्हांला फुकट कळावे, एवढीच इच्छा.