कुंडीतील मातीचा सामू

अनंताची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या, की आपण त्याला उपाशी समजून खत घालतो. पुष्कळदा अन्न मातीत असते, पण झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी वाढवलेल्या खताने मुळेच करपतात.

याचे कारण मातीच्या सामूत शोधावे. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली सुचविलेल्या या मापात ७ म्हणजे उदासीन. खाली आम्लता, वर अल्कता. एका अंकाचा फरक दहापटींचा असतो. बहुतेक झाडांना ६ ते ७ मानवतो. अनंताला ५ ते ६. सामू साडेसातच्या वर गेला की लोह न विरघळणारे होते आणि मुळांना मिळत नाही.

दख्खनच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी असतेच. त्यात आपण रोज विहिरीचे जड पाणी घालतो. कुंडीत माती थोडी, म्हणून क्षार लवकर साचतात.

प्रथम थोडी माती शुद्ध पाण्यात कालवून सामूदर्शक कागदाने पाहावी. सामू चढलेला असल्यास साठवलेले पावसाचे पाणी द्यावे, कुजलेला पालापाचोळा मिसळावा, चिमूटभर गंधक घालावे. गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात. त्याला काही आठवडे लागतात, तेव्हा उतावळेपणाने पुन्हा घालू नये. चुना व राख यांनी सामू आणखी वाढतो. ती येथे वर्ज्यच.

तेव्हा पान पिवळे दिसताच खताकडे हात नेण्यापूर्वी आपण मातीची परीक्षा करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.